पान, फूल, फळ, पाणी... आणि तीन मिनिटांचा नाच

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६ व २७



हे दोन श्लोक एकत्र वाचावेत. सव्विसाव्या श्लोकात भगवंत चारच वस्तू सांगतात : पान, फूल, फळ आणि पाणी. गरिबातल्या गरिबालाही जमेल अशी ही यादी. पण याच एका श्लोकात भक्तीचा उल्लेख दोनदा येतो, एकदा अर्पण करताना आणि एकदा ते स्वीकारताना. म्हणजे वस्तू साधी चालेल, भक्ती वगळून चालणार नाही. सत्ताविसाव्यात यादी वाढते : करणं, खाणं, हवन, दान, तप. आपण जे जे करू ते सगळंच अर्पण होऊ शकतं.

मग पाच वर्षांच्या मुलीचा नाचसुद्धा?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत माझी भाची पहिल्यांदा स्टेजवर नाचली. सहा महिने भरतनाट्यमच्या क्लासला जाते. गणेशवंदना निम्म्यावर आली आणि ती पुढचं विसरली. समोर शंभरेक माणसं, जवळजवळ तितकेच मोबाईल. गाणं चालू, आणि ही स्तब्ध. गाणं संपल्यावर मात्र ती वाकली, जमिनीला हात लावून डोळ्यांना लावले, नमस्कार केला आणि आत गेली.

क्लासमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात तो हा नमस्कार. जिच्यावर पाय आपटायचे त्या भूमीची क्षमा मागायची, नाचाआधी आणि नाचानंतरही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातला तिसरा अध्याय रंगदेवतांच्या पूजेचाच आहे. आपल्याकडे रंगमंच आधी देवाचा, मग प्रेक्षकांचा.

घरी आल्यावर तिने आजीला विचारलं, "मी हरले का गं?"

आजी म्हणाली, "बाप्पासाठी नाचलीस ना? मग पोचलं त्याला."

मला वाटतं, सव्विसाव्या श्लोकाचा याहून सोपा अर्थ सांगता येणार नाही. आमच्या कामात डेमो अडकला की अडकला, तिथे भाव मोजत नाहीत. पण मुलांचं प्रत्येक पाऊल आपण डेमोसारखं तपासलं तर नाच म्हणजे परीक्षा, हेच त्यांच्या मनात बसतं. मग पुढच्या वर्षी नाव द्यायची वेळ आली की पोटात दुखायला लागतं.

म्हणून सराव नको असं नाही. अर्पण करणाऱ्याचं मन शुद्ध आणि संयत असावं, हेही त्याच श्लोकात आहे. नैवेद्याचे तांदूळ आपण निवडूनच घेतो ना? सराव म्हणजे ते निवडणं. पण एखादा खडा राहिला म्हणून देव ताट परत पाठवत नाही.

आजचा अभ्यास : घरातलं मूल काही करून दाखवेल तेव्हा "कुठे चुकलं" हे नंतर. आधी विचारा, "मजा आली का?"

आजची प्रार्थना : देवा, आमचं अर्धवट राहिलेलंही तुझ्या चरणी गोड मानून घे.