एबीएसचं मॉड्यूल काढताना: पिवळ्या दिव्यामागचं घर्षण



पावसात कात्रजचा जुना घाट उतरताना पुढची रिक्षा अचानक थांबते आणि आपला पाय जोरात ब्रेकवर पडतो. पेडल पायाखाली थरथरतं, गुरगुर ऐकू येते. पुष्कळजण घाबरून पाय उचलतात. उचलू नका! ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय.

आता घर्षणाच्या धड्याकडे या. लाकडी ठोकळा ताणकाट्याने ओढायला लावा. हलेपर्यंत काटा जास्त दाखवतो, घसरू लागला की कमी. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं, ते हे. फिरणारं चाक रस्त्याला धरून असतं. जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर वेग सांगतो, मॉड्यूल तो वाचतं आणि जाम होऊ लागलेल्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतं-धरतं. कोथरूडच्या ज्या टेकडीला आपण 'एआरएआय टेकडी' म्हणतो, तिथल्या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत वाहनांच्या अशा चाचण्या होतात. मुलांना हे सांगा, टेकडीवर फिरायला तर ती जातातच.

डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा पेटला, की "मॉड्यूल गेलंय" असं लगेच ऐकायला मिळतं. आधी स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. दोष बऱ्याचदा चिखलाने माखलेल्या सेन्सरमध्ये, तुटलेल्या वायरमध्ये किंवा कमजोर बॅटरीत असतो. मॉड्यूल महाग असतं, म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नका.

खरंच काढायचं असेल, तर पहिलं काम इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवणं. बॉनेटखाली ब्रेकच्या बारीक धातूच्या नळ्या जिथे एकत्र येतात, तो ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे हायड्रॉलिक युनिट. त्याला चिकटलेला काळा प्लॅस्टिकचा डबा म्हणजे आपलं मॉड्यूल. आजूबाजूची धूळ आधी पुसून घ्या. मोठ्या कनेक्टरचा खटका मागे सरकवला की तो सुटतो; स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा नाही. मग स्टार डोक्याचे छोटे स्क्रू काढून डबा सरळ बाहेर ओढायचा. पिळायचा नाही, कारण आतल्या कॉइल व्हॉल्व्हच्या दांड्यांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. वाकडा ओढला की दांडी वाकलीच म्हणून समजा.

अनेक गाड्यांत एवढ्यावर भागतं, ब्रेकच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. काही गाड्यांत मात्र दोन्ही भाग वेगळे होत नाहीत आणि पूर्ण युनिट काढावं लागतं. नळ्या सुटल्या की आत हवा शिरते, ब्रेक ऑइल सांडून रंग उडतो. मग ब्लीडिंग करावं लागतं, काही गाड्यांत तर स्कॅनर लावूनच. ते घरच्या अंगणात करायचं काम नव्हे. म्हणून आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा.

मॉड्यूल दुरुस्तीला गेलं, की "ब्रेक लागतातच की, तोवर गाडी वापरा" असा सल्ला हमखास मिळतो. इथे मी ठाम आहे: वापरू नका, मुलांना शाळेत सोडायला तर नाहीच. साधे ब्रेक लागतात, हे खरं. पण पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देण्याचं कामही बहुतेक गाड्यांत हेच मॉड्यूल करतं. ते नसलं की जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी जाम होऊ शकतात आणि गाडी गर्रकन फिरते. शिवाय उघड्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी जातं ते वेगळंच. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर गाडी बाजूला घेऊन थांबवा.

परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जातात. नवं मॉड्यूल असेल तर त्याला स्कॅनरने गाडीची ओळख करून द्यावी लागते. मग मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहायचं. थोडं अंतर गेल्यावरही दिवा विझला नाही, तर कोड पुन्हा वाचायचा.