चक्री हलते, हलू दे

अर्जुनी मोरगाव

चि. संजूस,

काल बाजारात तुमच्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, "भाचा पिस्तूल घेऊन लोहाराकडे गेला होता." भाजी तशीच टाकून घरी आलो. रात्री तुला फोन लावला, तर तू म्हणतोस, "मामा, शोपीस आहे. जुनं दारू-टोपीचं रिव्हॉल्वर, मोबाइलवर बघून मागवलं. चक्री हलते, घोडा अडकतो. दुरुस्त करू की परत पाठवू?"

अरे शहाण्या, दोन्ही करू नको. लोहार म्हणाला ना, "होऊन जाईल"? तिथंच घोळ आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या-मोडक्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही, त्यालाच. लोहार "होईल" म्हणाला आणि तुझं शोपीस संपलं. दुरुस्तीलाही परवाना लागतो. कुरियरने परत पाठवलंस, तर विनापरवाना हत्यार रस्त्याला लावलंस. कायद्याची दुरुस्ती मात्र २०१९ मध्ये झाली. आता विनापरवाना बंदूक बाळगली तर निदान दोन वर्षं. त्यात तुमचं सालेकसा, नक्षल्यांमुळे ओळखलं गेलेलं दरेकसाचं जंगल उशाशी. तिथं 'शोपीस' कोण ऐकून घेणार?

लोहाराने अजून कानस लावली नाही ना? खरं सांग.

मी तुझ्याएवढा असताना आबांच्या भरमार बंदुकीचा घोडा ढिला झाला होता. आबा म्हणाले, राहू दे. मी गुपचूप लोहाराकडून आवळून आणला. रात्री धानाच्या बांधीत रानडुकरं शिरली. नळीत दारू ओतली, चिंधी ठासली, छर्रे सोडले, टोपी बसवली. घोडा पडला आणि टोपीखालच्या झिजलेल्या भोकातून आग उलटी माझ्याच तोंडावर आली. माझी उजवी भुवई अर्धी आहे, ती चुलीच्या भडक्याने नाही. बोटभर खाली डोळा होता. दुसऱ्या दिवशी आबांनी भरमार ठाण्यात जमा केली. मला एक शब्द बोलले नाहीत. ते अजून टोचतं.

म्हणून पुन्हा विचारतो, लोहाराने हात लावला नाही ना?

रागावलो, मनावर घेऊ नको. आबांची भरमार तू पाहिली नाहीस, म्हणून हे घ्यावंसं वाटलं, कळतं मला. रविवारी गोंदियावरून सालेकसा गाठतो. तोवर ते हलवू नको, मेसेज पुसू नको, पावती जपून ठेव. वकिलाला विचारून दोघं ठाण्यात जाऊ. बोलायचं काम माझं.

आबांची शिंगाची बारूददानी माझ्याकडे आहे, कधीची रिकामी. ती घेऊन येतो. भिंतीत एक खिळा ठोकून ठेव.

ताईला मी काही बोललो नाही. भुवईचं तूही बोलू नको.

तुझा मामा