केवडा पडलेला ऊस आणि लोहाची दोन रूपे



आपल्या सोलापूर भागातल्या चुनखडीच्या रानात कोवळा ऊस, विशेषतः खोडवा, पिवळा-पांढरा पडतो. शिरा हिरव्या, मधला भाग फिका. यालाच आपण केवडा म्हणतो. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची नवी पडली तर बहुधा लोह कमी. पुष्कळजण हे न बघताच युरियाचे पोते रिकामे करतात. पैसा जातो, ऊस तसाच राहतो.

मग मातीत लोह नाही काय? भरपूर आहे. पण त्याची रूपे दोन. फेरस लोह पाण्यात सहज विरघळते. फेरिक लोह मात्र सामू आठच्या वर असलेल्या जमिनीत गंजासारखे घट्ट बसते, मुळांच्या हाती लागत नाही.

विरघळलेली ही दोन रूपे वेगळी मोजण्याची एक रीत म्हणजे आयन क्रोमॅटोग्राफी. ती १९७५ साली पुढे आली. बॉयलरचे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात राळेचे मणी असतात, तसेच अगदी बारीक मणी एका नळीत भरतात. गाळलेला नमुना आम्लाच्या द्रावणाबरोबर दाबाने त्यातून सोडतात. प्रत्येक धातूला मण्यांची ओढ वेगळी, म्हणून प्रत्येकाची बाहेर पडण्याची वेळही वेगळी. नेहमीच्या एका पद्धतीत फेरिक आधी येते, मग तांबे, जस्त, मंगल आणि मागाहून फेरस. वेळेवरून धातू ओळखायचा. रंगद्रव्य मिसळून रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढायचे. नमुना हवेत उघडा राहिला तर फेरसचे फेरिक होते आणि उत्तर चुकते.

तेच आपल्या बादलीत घडते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ताजे द्रावण फिके हिरवे असते. तांबूस झाले की समजा, काम बिघडले.

आपल्याला एवढी महाग तपासणी लागत नाही. साध्या माती परीक्षणात उपलब्ध लोह दहा लाख भागांत ४.५ भागांपेक्षा कमी आले, तर असे करावे :

१) एकरी १० किलो हिराकस दहापट शेणखतात आठवडाभर सावलीत मुरवून सरीत द्यावे. नुसते मातीत टाकू नये.

२) फवारणीस १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस व १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घ्यावे. द्रावण त्याच दिवशी संपवावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे.

३) जमिनीतून चिलेट द्यायचे तर ईडीडीएचए बघून घ्यावे, चुनखडीत ईडीटीएचे लोह टिकत नाही.

आधी शेंड्याचे पान बघा, मगच पोत्याचे तोंड सोडा.