बटण दाबलं की नुसतं 'टक'

प्रश्न : बटण दाबलं की एकदाच 'टक' वाजतं, गाडी सुरू होत नाही. किक नाही. – एक वाचक, जळगाव

उत्तर : 'टक' वाजतं म्हणजे करंट रिलेपर्यंत पोहोचतोय. किल स्विच किंवा साइड स्टँडच्या स्विचमागे लागू नये. संशय आधी बॅटरीवर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते.

सीट काढून टर्मिनल बघावेत. स्क्रू सैल असेल, पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर चावी बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडवावी, टर्मिनल घासून घ्यावेत आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी लावावी. अर्ध्या गाड्या इथेच सुरू होतात.

नाही झाली, तर मल्टिमीटर. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. पण खरी परीक्षा बटण दाबताना. आकडा ९.५ च्या खाली कोसळला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. टिकून राहिला, तर रिले, अर्थची वायर किंवा स्टार्टर मोटर.

इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली असेल, तर ढकलूनही उपयोग नाही. पेट्रोलचा पंपही करंटवरच चालतो.

सुरू झाल्यावर रेस देऊन १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात का, हे पाहिल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये.