सोयरा : एका विसरलेल्या नावाचा पाठ

॥ श्री ॥



मागच्या पंधरवड्यात बेळगावच्या आपल्या एका कुटुंबाने ग्रुपवर बारशासाठी नावं मागवली. दिवसभरात तीसेक नावं आली. मग बाळाच्या आईनेच एक सुचवलं : सोयरा. त्यावर ग्रुप एकदम शांत. आम्हीही गप्पच राहिलो.

नंतर खासगीत निरोप आले. एक म्हणाले, "राणी सोयराबाईंची आठवण येते, घरात कलह नको." एक ताई म्हणाल्या, "हा तर पुल्लिंगी शब्द!" आणि एका निरोपात एवढंच होतं, "ते आपल्यातलं नाव नाही."

म्हणून आजचा पाठ याच नावावर.

*आधी अर्थ.* सोयरा म्हणजे नात्याचा माणूस. सगेसोयरे, सोयरीक हे शब्द आपण रोज वापरतो. तुकोबांनी तर झाडावेलींनाही सोयरे मानलं. मुलीच्या नावात याहून गोड काय हवं? जिथे जाईल तिथे नातं जोडणारी! पुल्लिंगाचं म्हणाल, तर सातशे वर्षांपूर्वी एका आईबापांनी ते मुलीला ठेवलंच होतं.

*ती कोण?* संत चोखामेळ्यांची पत्नी, कर्ममेळ्याची आई, निर्मळेची भावजय. राहणं मंगळवेढ्यात. घरात सगळेच अभंग रचणारे, आणि देवळाचं दार सगळ्यांनाच बंद. 1338 साली गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेरच.

सोयराबाईंनी विटाळावर थेट प्रश्न केला. देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? आपल्या भाषेत "सोयरसुतक" असा शब्द आहे. ते सोयरसुतकच त्यांनी बाजूला केलं, सोयरेपण तेवढं ठेवलं.

त्यांच्या बाळंतपणाची कथा सांगतात. दिवस भरले, चोखोबा घरी नाहीत, मदतीला कोणी नाही. तेव्हा विठ्ठल नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केलं. कथा आहे, पण तिचा अर्थ बघा. ज्या घरी गाव पाऊल ठेवत नव्हतं, तिथे देव सोयरा होऊन आला.

*आता आक्षेप.* राणी सोयराबाई वेगळ्या. 1680 मध्ये महाराज गेल्यावर राजारामांना गादीवर बसवण्याच्या खटपटीमुळे त्यांच्यावर ठपका आला. त्या ठपक्याखाली संत सोयराबाईंचं नावही झाकलं गेलं.

आणि "आपल्यातलं नाही" याचं काय? मंडळी, किशोरीताई आमोणकरांनी भैरवीत गायलेला, सगळे रंग एक झाले असं सांगणारा अभंग आपण भजनाच्या शेवटी डोळे मिटून म्हणतो. तो सोयराबाईंचा आहे! शब्द चालतात, चालीवर मान डोलते, आणि नाव मात्र आपल्या पाळण्यात नको? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला. त्या दिवशी गप्प का बसलो, याचं उत्तर द्यायला आम्हालाही लाज वाटली.

अजून एक गोष्ट. बहुतेक अभंगांच्या शेवटी त्या स्वतःचं नाव घालत नाहीत. चोखोबांची बायको, एवढीच ओळख सांगतात, तीही जातीसकट. म्हणजे ज्यांचं नाव त्यांच्याच ओळीत कमी सापडतं, त्यांचं नाव आत्याने बाळाच्या कानात सांगावं, हा केवढा मान!

नाव ठेवायचं की नाही, ते त्या घराने ठरवावं. आम्ही फक्त आमचं मौन मोडलं.

*या आठवड्याचा अभ्यास :* भजनात तो अभंग घ्याल तेव्हा आधी "हा सोयराबाईंचा अभंग" असं मोठ्याने म्हणा. त्या कोण होत्या, ते घरातल्या मुलांना सांगा. आणि ज्याला आपण "आपल्यातला नाही" म्हणतो, असा एक माणूस आठवा. त्याच्याशी या आठवड्यात सोयरेपणाने बोला.