जबड्याचे हाड कोण पोखरते?

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये कर्करुग्णांची गावोगाव नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. ग्रामीण भागातील अशी ही देशातली पहिलीच नोंदणी. आपल्याकडे तंबाखू-चुना मळून हिरडी आणि गाल यांमधल्या खाचेत धरण्याची सवय सर्रास दिसते. नेमक्या त्याच जागी होणारा कर्करोग पुष्कळदा खालच्या जबड्यात शिरतो. मऊ पेशींचा गोळा एवढे टणक हाड कसे पोखरतो, ते पाहू.

उतारावर सायकल आवरायला ब्रेक लागतात. पेशींच्या विभाजनालाही असे ब्रेक आहेत. त्यांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात. पेशीत या जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पुढचा ब्रेक तुटला तरी मागचा सहसा काम भागवतो. दोन्ही तुटले की ताबा सुटतो. अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड नडसन यांनी मुलांच्या डोळ्यांतील अर्बुदाचा अभ्यास करून १९७१ मध्ये ही दोन आघातांची कल्पना मांडली.

भारतीय शास्त्रज्ञांनी हिरडी-गालाच्या कर्करोगातील जनुके तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिघडलेल्या जनुकांत टीपी-५३ आणि फॅट-१ ही दोन होती. टीपी-५३ हे जनुक डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मरण पत्करायला लावते. ते बिघडले की सदोष पेशी वाढतच राहतात. फॅट-१ चे प्रथिन पेशींना शेजाऱ्यांशी बांधून ठेवण्यास मदत करते. ते गेले की पेशी सुट्या होऊन आजूबाजूला घुसू लागतात.

आता हाडाकडे वळू. झिजलेले हाड विरघळवून नव्याला जागा करून देणाऱ्या पेशी आपल्या हाडांत नेहमीच असतात. घुसखोर पेशी रासायनिक संदेश पाठवून त्यांना चिथावतात. मग त्या आम्ल सोडतात आणि हाडातील कॅल्शियम फॉस्फेट विरघळते. म्हणजे हाड पोखरणारे हात मुख्यतः शरीराचेच!

करून पहा : दोन फासे टाका. एखाद्यावर सहा पडला तर तो तसाच ठेवा आणि उरलेला टाकत राहा. दोन्हींवर सहा येण्यास किती फेऱ्या लागल्या, ते वर्गातील प्रत्येकाने लिहावे. कुणाला दोन, कुणाला वीस लागतील. तंबाखूची प्रत्येक चिमूट ही अशीच एक फेरी. “आजोबांना कुठे काय झाले?” या प्रश्नाचे उत्तर तुमच्या तक्त्यातच सापडेल.

खेळ मात्र केव्हाही थांबवता येतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काही घरात कुणाला दिसले तर डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरा. हाड गाठण्यापूर्वी रोग सापडला, तर बहुधा जबडा वाचवता येतो.