एलएल-३७ मोजण्याचे किट : विक्रेत्याने काय जाणावे?

प्रयोगशाळांना साहित्य पुरविणाऱ्या व्यापाऱ्याने माल नुसता पोहोचवून भागत नाही. तो कशासाठी आहे हेही त्याला ठाऊक असावे लागते. आज आपण अशाच एका किटची ओळख करून घेऊ.

एलएल-३७ हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. पांढऱ्या पेशी व त्वचा यांतील एका मोठ्या प्रथिनापासून ते सुटे होते आणि जंतूंचे आवरण फोडते. क्षय, सोरायसिस, हिरड्यांचे आजार यांवर संशोधन करणारे ते रक्त, थुंकी किंवा लाळेत मोजतात.

मोजण्याची रीत 'एलायझा'. ती स्वीडनमध्ये एंगवॉल व पर्लमान यांनी १९७१ साली मांडली. किटमधील प्लेटला ९६ खळगे असतात व त्यांच्या तळाशी प्रतिपिंड चिकटवलेले असते. ते नमुन्यातील एलएल-३७ पकडून ठेवते. मग दुसरे प्रतिपिंड, विकर व रंग देणारे द्रावण क्रमाने घालतात. मधूनमधून प्लेट धुतात. निळा रंग येतो, आम्ल घालताच पिवळा होतो. यंत्र तो ४५० नॅनोमीटरवर मोजते. सोबतची ठरावीक प्रमाणाची द्रावणे ही या तराजूची वजनेच समजा.

आता हिशेब पाहू. शून्यासह ८ प्रमाणे दोन-दोन खळग्यांत घातली की १६ खळगे गेले. उरलेल्या ८० खळग्यांत प्रत्येकी दोनदा मोजून ४० नमुने बसतात. म्हणजे १०० नमुन्यांना तीन प्लेटा लागतात. "एकच पुरेल" असे सांगणारा विक्रेता गिऱ्हाइकाचे काम अर्ध्यावर अडकवतो.

हे पेप्टाइड प्लास्टिकला व रक्तातील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. काही प्रतिपिंडांना मूळ प्रथिन आणि सुटा तुकडा यांतला फरक कळत नाही. सीरम आणि प्लाझ्मा यांचे आकडेही एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण रक्त गोठताना पेशी आपला साठा बाहेर टाकतात. म्हणून हे किट कोणत्या नमुन्यावर तपासलेले आहे, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

किट साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. लेबल वाचून तशीच वाहतूक करावी. उन्हात तापलेला माल वरून चांगलाच दिसतो, आकडे मात्र चुकतात. मुदत व लॉट क्रमांक बिलावर लिहावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "केवळ संशोधनासाठी" असे छापलेले किट रोगनिदानासाठी कधीही विकू नये. त्या आकड्यावर एखाद्या रुग्णाचे औषध ठरेल. त्यापुढे आपला नफा क्षुल्लक आहे.